वारा विचारून किनारा

भूमध्य समुद्रातल्या, स्पेनच्या मेनोर्का बेटावर दिवस वाऱ्याने ठरतो. सिउतादेल्या गावात आम्ही ज्यांच्याकडे खोल्या घेतो, त्या आजी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जातात आणि खाली येताना एक शब्द घेऊन येतात. ‘त्रामुंताना’ म्हणाल्या की वारा उत्तरेचा. मग आपण दक्षिणेकडच्या पुळणींवर जायचं. ‘मिज्जोर्न’ म्हणाल्या की दक्षिणेचा. मग गाडीचं तोंड उत्तरेकडे. पूर्वेच्या वाऱ्याला वेगळं नाव, पश्चिमेच्या वाऱ्याला वेगळं, आणि मधल्या चार दिशांनाही आपापली नावं. ही नावं नुसती खलाशांच्या तोंडी नाहीत. पाव आणायला गेलं तरी दुकानात आधी वाऱ्याचीच चौकशी होते.

आपल्याला याची सवय नसते, आणि त्याला कारण आहे. आपला कोकणकिनारा पश्चिमेला तोंड करून जवळजवळ सरळ रेषेत उभा आहे. गुहागरला समुद्र खवळला असेल तर गणपतीपुळ्यालाही तो खवळलेलाच असतो. त्यामुळे समुद्रावर जायचं ठरवताना आपण ऋतू विचारतो: पावसाळा सरला का, नारळीपौर्णिमा झाली का. बेटाची गोष्ट निराळी. त्याला चारी बाजूंनी समुद्र असतो आणि एकाच वेळी त्या समुद्राची चार रूपं असू शकतात. उत्तरेकडे लाटा कातळावर फुटून पाण्याचा भुगा उडत असतो, आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासावर, दक्षिणेला, पाणी इतकं निवांत असतं की तळाच्या वाळूवर होड्यांच्या सावल्या मोजता येतात.

बार्सिलोनाला राहायला आल्यापासून आम्ही मेनोर्काला जात आलो आहोत. विमानाने तासाभराच्या आत पोचता येतं. बेट तसं लहानच, सुमारे ७०० चौरस किलोमीटरचं, पूर्वेच्या माओनपासून पश्चिमेच्या सिउतादेल्यापर्यंत पन्नास किलोमीटरही नाही. वस्ती लाखाच्या आसपास. शेजारचं मायोर्का किंवा इबिझा जगभर गाजलेलं; मेनोर्का त्या मानाने मागे राहिलेलं, आणि मला तर वाटतं की ते जाणूनबुजून मागे राहिलं. किनाऱ्यात आत शिरलेल्या समुद्राच्या लहानशा कुशीला तिथे ‘काला’ म्हणतात. अशा काला आणि मोठ्या पुळणी मिळून बेटाला शंभराच्या घरात किनारे आहेत. चार-पाच दिवसांच्या मुक्कामात त्यातले कुठले पाहायचे हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण फोटोंत शोधतात. फोटोत सगळ्याच काला निळ्या असतात. फोटोला वारा लागत नाही, चालून पाय दुखत नाहीत आणि सावली किती वाजता येते तेही कळत नाही.

वाऱ्यानंतरचा दुसरा सल्लागार म्हणजे दगड. माओनपासून वायव्येकडच्या काला मोरेल्यपर्यंत ढोबळमानाने एक रेघ ओढली की बेटाचे दोन तुकडे पडतात. रेघेच्या उत्तरेकडचा खडक फार जुना, काही ठिकाणी चाळीस कोटी वर्षांहूनही जुना. काळसर पाटीचा दगड, तांबडा वालुकाश्म, वाकडेतिकडे दुमडलेले थर. दक्षिणेकडचा चुनखडीचा, त्याच्यापुढे अगदी कालचा, एखाद कोटी वर्षांचा. हा भूगोल पुस्तकात वाचायला नको, पायाखाली दिसतो. उत्तरेला कावाल्येरियाची वाळू तांबूस, काला पिलारची त्याहून लाल, फावारिचच्या दीपगृहाजवळ तर जमीनच काळी पाटी फोडून पसरल्यासारखी. दक्षिणेला पांढरी, पिठासारखी बारीक वाळू, वर चुन्याचे फिकट कडे आणि कड्यांवर पाण्यापर्यंत वाकून आलेले पाइन. फोटोतला तो हिरवट-निळा रंग दक्षिणेचाच. पांढऱ्या वाळूवर उथळ आणि नितळ पाणी पसरलं की तो रंग येतो. उत्तरेला पाणी तितकंच नितळ असतं, पण खालचा तळ गडद, म्हणून तेच पाणी शाईसारखं दिसतं. तिथे कुणी ‘पाणी इतकं सुंदर नाही’ म्हणालं की मला वाईट वाटतं.

दक्षिणेच्या बहुतेक काला म्हणजे चुनखडीत पाण्याने कोरलेल्या घळींची तोंडं आहेत. पावसाचं पाणी पठारावरून घळीतून उतरतं आणि समुद्राला मिळतं. ते मिळण्याचं ठिकाण म्हणजे पुळण. काला गाल्दाना हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. आल्जेन्दारची घळ तिथे समुद्राला मिळते. अर्धचंद्राकृती पुळण, दोन्ही बाजूंना कडे, आणि त्या कड्याला लागून उभी राहिलेली उंच हॉटेलं. बेटावर पर्यटनाची लाट आली तेव्हाची ती आहेत. गाल्दानाला सोयी आहेत, बस आहे, लहान मुलं असली तर ते फार बरं पडतं. मी मात्र तिथे पोहत नाही. तिथून पश्चिमेकडे पाइनच्या रानातून जी पायवाट निघते, तिच्यावर अर्धा-पाऊण तास चाललं की माकारेल्या येते.

माकारेल्याबद्दल कुणीही चांगलंच बोलतं, आणि ते खरं आहे. पाइनचा वास आणि किड्यांचा किरकिराट सोबत घेऊन वाट चढते, मग एकाएकी झाडी सरते आणि खाली तो रंग. शेजारच्या कड्यावरून आणखी थोडं चाललं की धाकटी बहीण माकारेलेता, एखाद्या वाड्याच्या चौकाएवढी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे टॉवेल टाकायला जागा उरत नाही. बेटाच्या कारभाऱ्यांनी यावर जो उपाय केला तो मला फार पटतो. उन्हाळ्यात माकारेल्याला खासगी गाडी नेता येत नाही. सिउतादेल्याहून बसने यायचं किंवा पायी. तुर्केतासारख्या दुसऱ्या काही किनाऱ्यांना गाडीतळ आहेत, पण ते लहान ठेवलेले, आणि ते भरले की गावाबाहेरच्या चौकात फलकावर तसं दिसतं. सकाळी उन्हं तापायच्या आत बरेचसे भरतात. गाडीतळ वाढवायला जागा आहे, पैसाही आहे. तरी वाढवलेला नाही. किनाऱ्याला किती माणसं झेपतात ते आधी ठरवून तेवढ्याच गाड्यांना आत सोडायचं, हा विचार आपल्याकडे ज्यांनी दिवाळीच्या सुट्टीत अलिबागचा रस्ता पाहिला आहे त्यांना समजावून सांगायला लागू नये.

मेनोर्काला १९९३ मध्ये युनेस्कोने जैवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. पण बेट वाचलं ते केवळ त्या पाटीमुळे, असं मला वाटत नाही. त्याआधीच्या दोन दशकांत लोक रस्त्यावर आले होते. माओनच्या उत्तरेला आल्बुफेरा नावाचं खाजण आहे, समुद्राला एका चिंचोळ्या तोंडाने जोडलेलं, पाणपक्ष्यांनी भरलेलं. सत्तरच्या दशकात त्याच्या काठावर बंगले आणि गोल्फचं मैदान यांची वसाहत उभी राहू लागली. रस्ते झाले, काही घरंही झाली. बेटावरच्या लोकांनी विरोध लावून धरला आणि पुढची बांधकामं थांबली. १९९५ मध्ये तो सगळा भाग निसर्ग उद्यान म्हणून संरक्षित झाला. त्या उद्यानाच्या कडेलाच एस ग्राऊ नावाचं पांढऱ्या घरांचं कोळ्यांचं गाव आणि त्याची पुळण आहे, आणि आता मला आईबद्दल सांगायलाच हवं.

आईचं माहेर हर्णैचं. बंदरावरचा लिलाव बघत ती मोठी झाली. ती आमच्याकडे राहायला आली त्या सप्टेंबरात आम्ही तिला मेनोर्काला नेलं. तिचे गुडघे दुखतात, म्हणजे माकारेल्याची वाट बाद, उत्तरेकडच्या बहुतेक पुळणी बाद. मग तिच्यासाठी कुठले किनारे, असा नव्याने विचार करावा लागला, आणि ती निवड माझ्या आधीच्या सगळ्या निवडींपेक्षा विचारपूर्वक झाली. वारा कुठला, हा प्रश्न होताच. शिवाय गाडी किती जवळ जाते, बसायला सावली कुठे, पाण्यात उतरताना पायाखाली खडप आहे की वाळू, आणि पाणी किती अंतरापर्यंत गुडघाभर राहतं.

एस ग्राऊला पाणी फार दूरवर उथळ राहतं. समोर कोलोम नावाचं लहान बेट आडवं आहे, त्यामुळे मोठी लाट आत येत नाही. वाळू तितकी पांढरी नाही, थोडी राखाडी, आणि फोटो काढणारे तिथे फारसे थांबत नाहीत. आई साडी वर खोचून पाण्यात गेली आणि चालतच राहिली. बऱ्याच वेळाने मागे वळून तिने विचारलं, “भरती कधी लागते गं इथे?”

मी सांगितलं, इथे भरती लागत नाही.

तिचा विश्वास बसेना. तिच्या लहानपणी घरात भरतीचा हिशेब तिथीवरून होत असे. तिथीला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस कुठले आणि भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे कुठले, हे बायकांनाही तोंडपाठ असायचं. भूमध्य समुद्रात हा हिशेब कामाचा नाही. अटलांटिकशी त्याला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी चौदा किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा दारातून महासागराची भरती आत शिरत नाही. मेनोर्काला पाणी चढतं-उतरतं ते वीतभर. म्हणूनच तिथल्या पुळणी इतक्या चिंचोळ्या असूनही दिवसभर तशाच राहतात, होड्यांची घरं पाण्याच्या अगदी पायरीवर बांधता येतात, आणि सकाळी अंथरलेला टॉवेल संध्याकाळी तिथेच कोरडा सापडतो. आई संध्याकाळपर्यंत एका दगडावरच्या ओल्या रेघेकडे लक्ष ठेवून होती. रेघ हलली नाही तेव्हा तिने मान्य केलं.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो तिला सांगितल्यावर तिला बरं वाटलं असावं. सिउतादेल्याचं बंदर म्हणजे जमिनीत आत घुसलेली लांबट, अरुंद चीर. वर आकाशात हवेच्या दाबाच्या लाटा ठरावीक वेगाने सरकल्या की खालच्या समुद्रात हेलकावे सुरू होतात आणि या अरुंद बंदरात शिरून ते अनेक पटींनी वाढतात. याला ते ‘रिसागा’ म्हणतात. जून २००६ मध्ये बंदरातलं पाणी बघता बघता ओसरलं, होड्या तळावर टेकल्या, आणि काही मिनिटांत ते उलटून परत आलं. फरक चार मीटरच्या आसपास होता. कितीतरी होड्या बुडाल्या, फुटल्या. आता रिसागाची शक्यता दिसली की आधी इशारा देतात. बाकी वर्षभर ते बंदर तळ्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सोन बोऊला गेलो. बेटावरची ही सगळ्यात लांब पुळण, अडीच किलोमीटरच्या आसपास. मागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या मागे गवताळ पाणथळ. पूर्वेच्या टोकाला, पाण्यापासून काही पावलांवर, ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांतल्या एका चर्चचा पाया उघड्यावर आहे. वाळूवरून लाकडी वाट नेलेली असल्यामुळे आईला चालणं सोपं गेलं. तिथे पाण्याच्या कडेला तपकिरी पानांचा ढीग लागला होता, कुठे गुडघ्याएवढा, आणि जवळच बसलेलं एक कुटुंब नाक मुरडून उठून गेलं.

त्या ढिगाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. भूमध्य समुद्राकाठी सुट्टीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाने ती पानं ओळखायला हवीत असं मला वाटतं.

त्या वनस्पतीचं नाव पॉसिडोनिया. लोक तिला शेवाळ समजतात. ती शेवाळ नाही. तिला मुळं आहेत, खोड आहे, फुलं येतात, ऑलिव्हसारखी फळंही धरतात. जमिनीवरचीच वनस्पती, फार फार पूर्वी समुद्रात उतरलेली. भूमध्य समुद्राबाहेर ही जात कुठेच सापडत नाही. उथळ पाण्याखाली तिची कुरणं पसरलेली असतात, रिबिनीसारख्या लांब पानांची. कुरणात माशांची पिल्लं वाढतात, शिंपल्यांचे आणि इतर चुनखडी कवचांचे बारीक जीव पानांना धरून राहतात. ते मेले की त्यांच्या कवचांचा चुरा होतो, आणि दक्षिणेच्या त्या पांढऱ्या वाळूत या चुऱ्याचा मोठा वाटा आहे. ज्या पुळणीवर आपण पाय पसरून बसतो ती बरीचशी या कुरणातून आलेली असते. पाणी नितळ राहतं त्यालाही हेच कुरण कारण. पाण्यातला गाळ पानांत अडकून खाली बसतो.

शरद ऋतूत पानं गळतात आणि वारा त्यांना किनाऱ्यावर आणून रचतो. हिवाळ्याच्या वादळात लाट आधी त्या रचलेल्या पानांवर आदळते, वाळूवर नंतर. ढीग उचलून नेला की लाट सरळ वाळू ओढून नेते. म्हणून पानांचा ढीग असलेली पुळण घाणेरडी म्हणणं मला सोसत नाही. पर्यटकांच्या आग्रहाखातर उन्हाळ्यात काही किनाऱ्यांवरून तो हलवतातही, पण जिथे तो तसाच ठेवलेला दिसतो तिथे मी मुद्दाम जाते. पानांवर बसायला मऊ लागतं, आणि सुकलेल्या तंतूंचे गोल गोळे मुलांना खेळायला मिळतात.

या कुरणांचा खरा शत्रू म्हणजे नांगर. पांढऱ्या सुट्टीच्या नौका कालात येतात, नांगर टाकतात, निघताना ओढून काढतात, आणि त्याच्याबरोबर मुळांसकट पट्टा उखडला जातो. पॉसिडोनिया वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकते. नांगराने एका दुपारी काढलेलं टक्कल भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मेनोर्का ज्यांत मोडतं त्या बालेआरिक बेटांच्या सरकारने २०१८ मध्ये खास या वनस्पतीसाठी फर्मान काढलं. कुरणावर नांगर टाकायला मनाई आहे, टाकायचाच तर वाळूवर टाकायचा. वरून पाहिलं तर पाण्यात फिकट आणि गडद असे डाग दिसतात. फिकट म्हणजे वाळू, गडद म्हणजे कुरण. अनेकांना तो गडद डाग फोटोत नकोसा वाटतो. माझ्या लेखी चांगल्या कालाची ती पहिली खूण आहे.

आईने पानाची एक रिबीन उचलून वास घेतला, बोटाने चिरून पाहिली. मग समुद्राकडे बघत म्हणाली, “एवढं निळं पाणी म्हणजे मासळी बेताचीच असणार.” हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. हर्णैला पाणी गढूळ, हिरवट, आणि टोपल्या भरलेल्या. इथे उलट. भूमध्य समुद्राच्या वरच्या थरात पोषण कमी, म्हणून त्यावर वाढणारे तरंगते सूक्ष्म जीव कमी, म्हणून प्रकाश खोलवर जातो आणि आपल्याला ते निळं काचेसारखं पाणी दिसतं. आपण ज्या रंगासाठी इतक्या दूर जातो, तो भुकेल्या समुद्राचा रंग आहे. हे कळल्यावर मला तो रंग कमी आवडला असं झालं नाही, पण तेव्हापासून मी बाजारातल्या मासळीचे भाव जास्त समजुतीने वाचते.

आईला एका नातेवाइकाबरोबर गावात ठेवून मी एकटी काही वाटा चालले, त्यांत मला सगळ्यात जास्त बेट कळलं. ‘कामी दे कावाल्स’ म्हणजे घोड्यांची वाट. बेटाला पूर्ण वेढा घालणारी, १८५ किलोमीटरची. समुद्रावरून येणाऱ्या शत्रूवर घोडेस्वारांनी नजर ठेवावी म्हणून ती वापरात होती. पुढे चाचे संपले, सैन्यं गेली, वाटेचे तुकडे खासगी शेतांत अडकले आणि मालकांनी फाटकांना कुलपं लावली. गावकऱ्यांनी वाट परत मागितली. सन २००० मध्ये या एका वाटेसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०१० मध्ये ती पूर्ण गोल पुन्हा खुली झाली. आज तिचे वीस टप्पे आहेत. वाटेत ठिकठिकाणी दगडी गडगे लागतात, चुना-माती न लावता रचलेले, आणि त्यांत रानऑलिव्हच्या वाकड्या फांद्यांची फाटकं. आत शिरलं की फाटक मागे लावून घ्यायचं, गुरं बाहेर जातात. स्पेनमध्ये १९८८ च्या किनारा कायद्याने पुळणी सगळ्यांच्या मालकीच्या आहेत. पण सगळ्यांच्या मालकीची पुळण आणि तिथे पोचायला मध्ये कुणाचं तरी शेत, अशा वेळी हक्क कागदावरच राहतो. त्या वाटेने तो पायाखाली आणून दिला.

या वाटेवरून दक्षिणेला चालताना कालेस कोव्हेस लागते. इथे वाळू जवळजवळ नाहीच, गोटे आणि खडप. पण दोन्ही बाजूंच्या कड्यांत शंभराच्या आसपास कोरीव गुहा आहेत. बेटावरच्या प्राचीन लोकांनी आपले मृत तिथे ठेवले. २०२३ मध्ये मेनोर्काच्या या प्रागैतिहासिक वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पोहण्यासाठी कुणी विचारलं तर मी कालेस कोव्हेस सांगणार नाही. एकच काला पाहायला वेळ आहे असं म्हणालं तर मात्र तीच सांगेन.

उत्तरेबद्दल थोडं सावधपणे सांगायला हवं. त्रामुंताना सुटला की तो दोन-तीन दिवसही राहतो. तिकडची रानऑलिव्हची झाडं त्याने कायमची दक्षिणेकडे वाकवून ठेवली आहेत. होकायंत्र नसेल तर त्यांच्यावरून दिशा कळते. वारा पडला तरी समुद्र लगेच निवत नाही, पुढचा दिवस लाट आत येतच राहते. म्हणून उत्तरेला जायचं ते वारा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि दक्षिणेचं सांगायचं तर, उत्तरेचा वारा असताना पाणी आरशासारखं दिसतं, पण वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. हवा भरलेल्या गाद्यांवर मुलांना सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. गादी बघता बघता कालाच्या तोंडाबाहेर जाते आणि बाहेर लाट असते. दक्षिणेचा वारा असला की उलटी तऱ्हा: पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं आणि त्याच्याबरोबर जेलीफिशही येतात. तिथल्या जांभळट जेलीफिशचा डंख चांगलाच झोंबतो. अशा दिवशी पाण्यात उतरण्याआधी काठावरून जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे बघावं. त्या उतरत असतील तर आपणही उतरावं.

मुक्कामाच्या शेवटी असा एक दिवस मिळाला की वाराच नव्हता. आजींनी हात हलवून ‘काहीच नाही’ अशी खूण केली. बेटाच्या चारी बाजू त्या दिवशी खुल्या होत्या, आणि वाऱ्याने निवड करून न दिल्यामुळे घरात वाद झाला. नवऱ्याला तुर्केता हवी होती, आईला ग्राऊ. मी उत्तरेकडची प्रेगोंदा म्हटलं, कारण उत्तरेचा किनारा रोज उघडत नाही. शेवटी आम्ही उत्तरेकडच्याच फोर्नेल्स गावाला गेलो. आई आणि नवरा तिथल्या धक्क्यावर बसले आणि मी पुढे बिनिमेलाला गाडी लावून चालायला लागले.

ती वाट अर्ध्या तासाची. आधी बिनिमेलाची तांबडी, गोट्यांची पुळण, मग उघडा, झुडपांचा माळ, सावली अजिबात नाही. शेवटची चढण संपली की प्रेगोंदा: सोनेरी-तांबूस वाळू आणि समोर पाण्यातून वर आलेले पिवळसर सुळके, जे लाटांना बाहेरच अडवतात. हॉटेल नाही, खाण्याची टपरी नाही, पाण्याची बाटली आपली आपण न्यायची आणि रिकामी परत आणायची. सप्टेंबरात समुद्र उन्हाळाभर तापून ऊबदार झालेला असतो. मे महिन्यात त्याच पाण्यात शिरताना हाडं गारठतात, मात्र माळावर फुलं असतात. मी सुळक्यांपर्यंत पोहत गेले. पाण्याखाली कुरण होतं, पानं एका बाजूला झुकून परत सरळ होत होती, मधूनच रुपेरी माशांचा थवा वळत होता. मला तिथून निघायचं नव्हतं. वारा नसलेला उत्तरेचा दिवस पुन्हा कधी हाती लागेल ते सांगता येत नाही.

फोर्नेल्स प्रसिद्ध आहे ते लॉब्स्टरच्या रश्श्यासाठी. त्याचा भाव वाचून आईने तळलेला माकूल मागवला आणि तो ताजा असल्याचं प्रमाणपत्र दिलं. मी फोनवर तिला प्रेगोंदाचे फोटो दाखवले. तिने ते नीट पाहिले, मोठे करून पाहिले, आणि विचारलं, “बसायला सावली कुठेय?”

नव्हती. तिच्या यादीतून प्रेगोंदा तिथेच गेली.

पुढच्या वर्षी मावशी येणार आहे. तिचे गुडघे धड आहेत, पोहता मात्र येत नाही, आणि ऊन अजिबात सोसत नाही. तिला कुठे न्यायचं याची यादी आईने हर्णैहून फोनवर सांगितली आणि मी लिहून घेतली: पहिल्यांदा ग्राऊ, मग सोन बोऊ, तेही लाकडी वाटेच्या बाजूने, आणि वारा उत्तरेचा असेल तर गाल्दाना. माकारेल्या मी खाली माझ्या हाताने घातली आहे. त्यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.